गणपतअण्णांनी निवडलेलं पेडल

"आकारामनं म्हाताऱ्याचं वाटोळं केलं," असं आता बँडमधला जो तो म्हणत हिंडतो. मीही त्या घोळक्यात उभा राहून मान हलवतो. आकाराम मालक आहे, तो मालकासारखा वागला. पण अण्णांशी खोटं बोलून, त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेऊन, त्यांच्याच आवाजाची नक्कल करणारं यंत्र त्यांच्याकडूनच निवडून घेतलं ते मी. हे बँडमध्ये कुणाला माहीत नाही, म्हणून माझी मान इतकी सहज हलते.

अण्णा म्हणजे गणपत, राहणार गडमुडशिंगी, वय चौसष्ट. आकाराम बँडमध्ये त्यांनी बेचाळीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलं. आकारामच्या वडिलांनी बँड काढला तेव्हापासूनचे ते. अंगाने काटक, बोलायला तुसडे. उजव्या अंगठ्यावर वाद्याचा भार पेलून पेलून घट्टा पडलेला. कौतुक करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणी बरं वाजवलं तर ते गप्प बसत आणि वाईट वाजवलं तर लगेच सांगत. उचगावला आमचं पत्र्याचं शेड आहे, तिथे तालीम चाले. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की अण्णा म्हणायचे, "कोमल रे. जरा उतरलाय." बायको आक्काताई सांगायची, "हे मला बघाय आले तवा माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाय. 'पाणी घ्या' म्हटलं, तर 'आवाज बरा हाय' म्हणाले आन् ठरलं की लगीन." अण्णांना यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

चौदा एप्रिलला त्यांच्या गल्लीची मिरवणूक निघे तेव्हा पहिला सूर अण्णांचा. त्या दिवशी आकारामने कितीही मोठी सुपारी धरलेली असो, अण्णा गावाबाहेर पाऊल टाकत नसत. आकाराम त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तरी शेडमध्ये तो त्यांना "ए गणपा" म्हणून हाक मारायचा आणि अण्णा "व्हय मालक" म्हणायचे. ते ऐकताना मला कसंसंच व्हायचं. कसंसं होण्यापलीकडे मी काही केलं नाही.

अण्णांची खरी ओळख म्हणजे पाठवणी. नवरी गाडीत बसायला निघाली की ढोल, ताशा, ट्रम्पेट सगळे थांबायचे आणि अण्णा एकटे वाजवायचे. त्यांची आई जात्यावर जी ओवी म्हणायची तिची चाल त्यांनी क्लॅरोनेटवर बसवली होती. तिला नाव नव्हतं. लोक सुपारी द्यायला येताना एवढंच म्हणत, "मुडशिंगीचे अण्णा येणार असतील तर बोला." मी स्वतः पाहिलंय, जेवणावळीतल्या भांडणामुळे एकमेकांची तोंडं न बघणारे दोन व्याही त्या चालीवर एकाच खांबाला टेकून रडत होते.

आणि मी कोण? विश्वजित, वय चौतीस. शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये मापं तपासायला असतो. लग्नसराईत आकाराम बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. वाजवतो म्हणजे काय, तर मागे उभं राहून ताशाच्या जोडीला चकचक करतो. बारा वर्षं चकचक केली. गिटार बंद पडली तरी कुणी मागे वळून बघत नसे. अण्णांनी वाद्य ओठाला लावलं की मात्र गर्दी थांबायची. मला त्यांचा मत्सर वाटायचा. पुरुषासारखा पुरुष मी, पण शेजारणीच्या पाटल्यांकडे बघावं तसा त्या काळ्या नळीकडे बघायचो.

मग बँडला ट्रॉली आली. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तिच्यात जनरेटर, भिंतीएवढे स्पीकर, कीबोर्ड आणि गाणारी पोरं. क्लॅरोनेटवाला आणि ढोलवाले पायी पुढे. इतक्या आवाजात क्लॅरोनेट ऐकू जाईना, म्हणून अण्णांना माइक लावला. माइक लावला की स्पीकरचा आवाज परत त्याच माइकमध्ये शिरायचा आणि कान फाडणारी शिट्टी. सांगवडे रोडच्या एका लग्नात ऐन पाठवणीत ती शिट्टी झाली. नवरीने कानावर हात ठेवले, तिच्या बहिणीच्या कडेवरचं पोर किंचाळलं आणि नवऱ्याचा मामा ओरडला, "ए पावणं, बंद करा ती कुकरची शिट्टी!" लोक हसले. अण्णांनी वाद्य खाली घेतलं. चाल अर्धीच राहिली आणि नवरी तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी आकारामने मला बाजूला घेतलं. "विश्वा, माइक लावावा तर शिट्टी मारतोय आन् न लावावा तर ऐकू येत न्हाय. आन् पाठवणीशिवाय सुपारी मिळंना. तुझ्या गिटारीला शिट्टी न्हाय. असलं कायतरी डबडं मिळतंय का बघ, गिटारीतनं क्लॅरोनेट निघंल असलं. मिळालं तर म्होरं तू."

"आणि अण्णा?"

"त्याचं वय झालंय की आता. बसंल घरात."

मी हो म्हणालो. विचार करायला वेळ घेतला असं सुद्धा नाही.

तसलं डबडं असतं हे मला माहीत होतं. ऑक्टेव्ह फझ म्हणतात त्याला. गिटारचा गुळगुळीत आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करायचा म्हणजे फझ. आणि त्या फाटलेल्या आवाजावर वरच्या सप्तकातला तोच स्वर चढवायचा म्हणजे ऑक्टेव्ह फझ. परदेशी गिटारवाले ते धिंगाण्यासाठी वापरतात. पण नीट वापरलं तर त्यातून फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा आवाज निघतो, असं मी मोबाइलवर पाहिलं होतं. राजारामपुरीत श्रुती नावाची मुलगी अशी पेडल्स, म्हणजे गिटारला जोडून पायाने चालू-बंद करायच्या डब्या, घरी बनवते. दिवसा एका कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करते, सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग. तिच्याकडे तीन तऱ्हेची ऑक्टेव्ह फझ होती. तीन म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. मापं तपासण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, पण कुठला आवाज क्लॅरोनेटच्या जवळचा हे सांगणारा कान आमच्याकडे एकच होता, आणि तो अण्णांच्या डोक्याला चिकटलेला.

मी अण्णांना म्हणालो, "मोबाइलवर टाकायला गाणी रेकॉर्ड करायची हायत. एक यंत्र घ्यायचंय. तुम्ही जरा ऐकून सांगा."

"मला काय कळतंय यंत्रातलं?"

"आवाजातलं कळतंय की."

एवढ्यावर ते फुलले. धुतलेला शर्ट घालून, डोक्याला तेल लावून माझ्या गाडीवर बसले. आक्काताईने दारातून सांगितलं, "नीट ने रे, त्यांची कंबर दुखतीया." रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी चुकवला. तेवढा चांगुलपणा मला जमतो.

श्रुतीच्या खोलीत टेबलावर तीन डब्या ठेवल्या होत्या. एक लाल, एक काळी आणि एक रंग न दिलेली, नुसत्या ॲल्युमिनियमची. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी विचारलं, "हे करतंय तरी काय?"

श्रुतीने हाताने हवेत लाट काढून दाखवली. "आवाज असा वर जातो, खाली जातो, काका. ही डबी खालचा अर्धा भाग उचलून वर दुमडते. मग एका झोक्याच्या जागी दोन झोके होतात आणि स्वर एक सप्तक वर ऐकू येतो."

"म्हंजे खालचा सा वाजवला की वरचा सा फुकट."

"बरोबर! पण एका वेळी एकच तार. दोन तारा एकदम छेडल्या की नुसता गोंधळ होतो."

अण्णा म्हणाले, "चांगलं हाय की मग. माणूस एका वेळी एकच गातोय."

मी लाल डबी लावली. चार स्वर वाजवले तोवर अण्णांचा हात वर. "पत्र्यावर खिळा ओढल्यागत लागालंय. ठेव खाली."

काळी डबी मला मनापासून आवडली. तिच्यात ऑक्टेव्ह चालू-बंद करायचं वेगळं बटण होतं आणि आवाज असा दणदणीत की खोलीच्या काचा थरथरल्या. मी डोळे मिटून बरंच काही वाजवलं. डोळे उघडले तर अण्णा खिडकीतून खालच्या भाजीवालीकडे बघत होते.

"कसं वाटलं?"

"गर्दी लई हाय त्यात. एकट्या माणसाचा आवाज न्हाय हा."

तिसरी डबी श्रुती द्यायलाच तयार नव्हती. "यात जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. आवाज मऊ आहे, पण ऊन लागलं की बिघडतात. दुपारी बाहेर नेलंत तर आवाज बसतो. मी हिच्याऐवजी लालच सुचवीन."

अण्णा पहिल्यांदाच नीट वळून बसले. "उन्हात आवाज बदलतोय म्हणता?"

"हो ना काका. तोच दोष आहे."

"दोष कसला त्यात? ऊन लागल्यावर आमचंबी बदलतंय. लाव रे ती."

ती लावली. पुढचा तासभर जे झालं ते मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. अण्णा म्हणाले, गिटारीच्या वरच्या पडद्यांवर जा. गेलो. म्हणाले, आवाजाचा चकचकीतपणा काढ. मी टोनचं बटण बंद केलं. म्हणाले, तार नखानं न्हाय, बोटाच्या मांसानं छेड. छेडली. आवाज हळूहळू गोल व्हायला लागला, नाकातून यायला लागला. तरी अण्णांची मान हलेना.

"दम न घेता वाजवालास. फुकणारा माणूस मधी श्वास घेतोय का न्हाय? तुझी गिटार मेली तरी थांबत न्हाय. हितं थांब. आणि हितं." आणि ते स्वतः गुणगुणू लागले, पाठवणीचीच चाल, आणि जिथे जिथे श्वास घ्यायचा तिथे माझ्या मांडीवर बोट टेकवत गेले. मी त्यांच्या बोटाबरोबर थांबत वाजवली.

श्रुती ओरडली, "बाई गं! हे तर क्लॅरोनेटच!"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. अण्णांनी वर बघितलं नाही. गुडघ्यावर दोन्ही तळवे ठेवून उठले आणि म्हणाले, "हीच घे."

निघताना श्रुतीने बजावलं की गिटारची वायर थेट याच डबीत जायला हवी, मध्ये वायरलेस वगैरे काही लावलं की आवाज मरतो. मी मान डोलावली. त्या सूचनेने माझं काय होणार आहे हे तेव्हा मला कळलं नाही.

कळलं ते पहिल्याच लग्नात. अण्णांना आकारामने निरोप धाडला होता, "आज नको येऊ." मी मात्र नवा कडक गणवेश घालून पुढे उभं राहायला निघालो, तर वायर पुरेना. वायरलेस लावून पाहिलं, तर आवाज खरंच मेला. मग मला उचलून ट्रॉलीत बसवलं, जनरेटर आणि स्पीकरच्या मधल्या बोळात, उन्हापासून डबी वाचवायला तिच्यावर ओलं फडकं टाकून. बारा वर्षं मागे उभा होतो, आता दिसेनासाच झालो. तिथूनच पाठवणी वाजवली. एकही शिट्टी नाही. आवाज चौकापर्यंत गेला. मला वाटलं, जिंकलो.

आणि नवरीचा बाप तरातरा ट्रॉलीकडे आला. "क्लॅरोनेटवाला कुठाय? टेप लावून फसवालाय काय आमाला?" आकारामने समजावलं की हे आमचं पोरगं गिटारवर वाजवतंय. त्या माणसाने मला त्या बोळात बघितलं, गिटार बघितली आणि म्हणाला, "येड्यात काढतोस व्हय रं? ह्यातनं तसला आवाज निघंल काय?" शेजारीपाजारी जमले. कुणीही विश्वास ठेवेना. शेवटी ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घेऊन आम्ही परतलो.

यावर आकारामने तोडगा काढला. अण्णांना शेडवर बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "गणपा, उद्यापास्नं यायचं. डरेस घालायचा, म्होरं उभा ऱ्हायचं, क्लॅरोनेट तोंडाला लावायचं. फुकायचं न्हाय. विश्वा मागनं वाजवंल. तू नुसतं धरायचं."

मला वाटलं अण्णा वाद्य आकारामच्या डोक्यात घालतील. घातलं असतं तर मीही मध्ये पडलो नसतो. अण्णांनी विचारलं, "हजेरीची रक्कम तीच?"

"तीच."

"मग रीड काढून ठेवतो. चुकून फुकर गेली तर घोटाळा व्हायचा." रीड म्हणजे क्लॅरोनेटच्या तोंडाशी बांधलेली बोरूची पातळ पट्टी. ती नसली तर नळीतून नुसती हवा जाते. त्यांनी तिथल्या तिथे ती सोडवली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली.

आकाराम गेल्यावर मला राहवलं नाही. "अण्णा, मी तुम्हाला राजारामपुरीला नेलं ते..."

"मला म्हाईत होतं." ते क्लॅरोनेट पुसत होते. "तिसरी डबी लावलीस तवाच कळलं. सारखा माझ्या तोंडाकडं बघत होतास. रेकॉर्डिंगवाला असा बघत न्हाय."

"मग चांगली का निवडून दिली? लाल घे म्हणाला असतात तर मी लाल घेतली असती."

"आन् त्या खिळ्यावर माझी पाठवणी वाजवत हिंडला असतास? लोक काय म्हटले असते? अण्णाची चाल ही असली?" त्यांना माझा प्रश्नच मूर्खपणाचा वाटला होता. "माइकनं घात केलाय माझा, मर्दा. शिट्टी मारतोय त्याला मी तरी काय करू? पर चाल तरी नीट वाजू दे."

त्या सराईत अण्णा एकोणतीस लग्नांत उभे राहिले. ढोलवाल्यांना, ट्रम्पेटवाल्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं. अण्णा मात्र खोटं खोटं सुद्धा नीट करायचे. एकेक बोट जागच्या जागी पडायचं, गाल भरायचे, खांदे उचलायचे. मी स्पीकरच्या फटीतून त्यांची पाठ बघत वाजवायचो. आणि लोक येऊन त्यांच्या पाया पडायचे. एक बाप त्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, काळीज काढलंत." अण्णांनी हळूच हात सोडवून घेतले. मी बोळातून बाहेर येऊन खरं सांगू शकलो असतो. पण सांगून फायदा काय, कुणी विश्वास ठेवला नसता, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण असं की मला ते आवडायला लागलं होतं. लोक रडत होते ते माझ्या बोटांवर, याचा मला माज आला होता.

मे महिन्यात नृसिंहवाडीच्या रस्त्यावरच्या एका कार्यालयातल्या लग्नात कुणीतरी पाठवणीचा व्हिडिओ काढला. रडणारी नवरी आणि तिच्यापुढे डोळे मिटलेले अण्णा. तो मोबाइलवर इतका फिरला की माझ्या मशीन शॉपमधल्या सुपरवायझरने तो मलाच दाखवला. "बघ, तुमच्या कोल्हापूरची कला." मी म्हटलं, "व्हय, भारी हाय."

मग कुठल्याशा सांस्कृतिक मंचाने सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र. आकारामला आभाळ ठेंगणं झालं. 'ए गणपा'चे एका रात्रीत 'गणपतराव' झाले. अण्णा आधी नको म्हणाले. मग दोन दिवसांनी मला शेडच्या मागे घेऊन गेले. "सत्कार घेतो. त्या व्हिडिओचा न्हाय, माझ्या बेचाळीस वर्षांचा म्हणून घेतो. वाजवा म्हणतीलच की तितं. हॉल हाय, ट्रॉली न्हाय, ढोल न्हाय. माइकबी नको. तवा खरं वाजवतो. एकदा लोकास्नी ऐकू दे."

त्यानंतर पंधरा दिवस ते रोज दुपारी गावाबाहेरच्या माळावर जाऊन वाजवत. आक्काताई म्हणाली, "जेवाण सुद्धा सुधरंना ह्यांस्नी. लगीन ठरल्यावर असं वागलं न्हाईत." मी एकदा गेलो, लांब उभा राहून ऐकलं आणि तसाच परत आलो. सराईभर न फुंकलेला माणूस पहिल्यासारखा वाजवत होता. खोटं कशाला बोलू, पहिल्यापेक्षा चांगला.

सत्काराला हॉल भरला होता. भाषणं लांबली. अण्णा फेटा बांधून, शाल पांघरून मधल्या खुर्चीत बसले होते आणि काही बोलत नव्हते. अध्यक्ष वाकून काही म्हणाले तरी नुसती मान हलवत होते. लोकांना वाटलं, किती विनम्र माणूस. मला पहिल्या रांगेतून दिसत होतं, त्यांनी रीड तोंडात धरली होती. वाजवण्याआधी ती ओली करावी लागते. दीड तास ते ती जिभेवर घेऊन बसले होते.

"आता अण्णांनी दोन ओळी ऐकवाव्यात," सूत्रसंचालक म्हणाला. टाळ्या झाल्या. अण्णांनी रीड बांधली, समोरचा माइक हाताने बाजूला सारला आणि सुरुवात केली.

मी बारा वर्षं त्यांना ऐकत आलोय. असं वाजवलेलं कधी ऐकलं नव्हतं. ओवीतला एकेक शब्द कळत होता. शेवटच्या ओळीला त्यांनी आवाज इतका खाली नेला की मला माझ्या शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू आला. संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते पुसून मी मागे वळून बघितलं.

लोक टाळ्या वाजवत होते. सत्काराला वाजवतात तशा. दोघंतिघं मोबाइल खाली घेत होते. माझ्या मागच्या बाईने नवऱ्याला सांगितलं, "व्हिडिओत लई गोड होतं. हितं जरा पातळ वाटलं न्हाय?" तो म्हणाला, "वय झालंय की त्यांचं." सूत्रसंचालकाने तर ते माइकवरून सांगितलं. "वयोमानानुसार दम थोडा कमी पडला, तरी अण्णांची जिद्द बघा! आणि आता ज्या वादनाने महाराष्ट्राला रडवलं, ते पुन्हा अनुभवूया." दिवे मंद झाले, पडदा उजळला आणि चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरमधून माझी गिटार सुरू झाली.

पदराने डोळे पुसणाऱ्या बायका मी मोजल्या नाहीत, पण खूप होत्या. पडद्याखाली खुर्चीत अण्णा बसले होते, मांडीवर क्लॅरोनेट. ते पडद्याकडे बघत नव्हते. समोर, लोकांच्या तोंडांकडे बघत होते.

परत येताना रिक्षात आम्ही दोघंच. अण्णांच्या मांडीवर नारळ, डोक्यावर फेटा तसाच. रेल्वे फाटक ओलांडलं. मग म्हणाले, "तुला कसं वाटलं? खरं सांग."

"अण्णा, आजच्याइतकं चांगलं तुम्ही कधी वाजवलं नव्हतं."

"मलाबी तसंच वाटालंय." त्यांनी फेटा काढून नारळावर ठेवला. "आकारामला सांग, उद्यापास्नं मी येत न्हाय."

"लोकांना काय कळतंय, अण्णा. कान गेलेत त्यांचे."

"तसं न्हवं. आजपत्तोर मला वाटत होतं, माइकमुळं काढलंय मला. आज माइक नव्हता."

रिक्षा त्यांच्या दाराशी थांबली. आक्काताई दारात उभी होती. तिने फेटा, नारळ, मानपत्र घेतलं आणि विचारलं, "रडले का लोक?"

"रडले की," अण्णा म्हणाले आणि आत गेले.

आकारामने चार दिवसांत दुसरा माणूस आणला. पंचावन्नचा, केस पांढरे, फोटोत शोभून दिसणारा. त्याने आयुष्यात क्लॅरोनेट वाजवलेलं नाही. वाद्यावर डावा हात वर आणि उजवा खाली असतो, तर हा उजवा वर आणि डावा खाली धरतो. आतापर्यंत अकरा लग्नं झाली. मी मागच्या बोळातून वाजवतो आणि लोक पुढे येऊन त्याच्या पाया पडतात.